तिकडून उजवा

१

हिलरीचा फोन आला तेव्हा दिनानाथ गवार मोडत बसला होता. शनिवारची सकाळ होती. खाली पाण्याचा टँकर मागे येताना वाजतो तसा वाजत होता, कुकर शिट्टीच्या बेतात होता. वसई पूर्वेच्या त्या इमारतीत शनिवारी सकाळी याहून वेगळं काही घडत नसे.

"दिनानाथ, बातमी देतो. मशीन विकलं मी."

"कुठलं मशीन?"

"कुठलं म्हणजे? कापायचं. दुसरं काय आहे माझ्याकडे विकायला?"

हिलरी मूळचा सांडोरचा. गोखिवऱ्याला त्याचा एक छोटा गाळा होता. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या कापायचा आणि हौसेसाठी उडवायच्या छोट्या विमानांची किटं. बाल्साच्या पातळ फळ्यांमधून पंखांचे, शेपटीचे, पोटाचे भाग कापून, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, वर प्लॅनचा कागद घालून द्यायचा. वसईपासून डहाणूपर्यंतच्या हौशी लोकांची कितीतरी विमानं त्याच्या गाळ्यातून निघालेली.

"आता कोनी मागत नाही रे," हिलरी म्हणाला. "दिवाळीपासून एक खोका हलला नाही. पोरं फोमचं विमान आनतात. डब्यातून काढलं, बॅटरी लावली, उडवलं, फोडलं, दुसरं मागवलं. जोडायला कोनाला वेळ आहे?"

"घेतलं कोणी मशीन?"

"तुळिंजचा एक जन आहे. केकवर खोचायची नावं कापनार. हॅपी बर्थडे." तो हसला आणि मग थांबला. "वहिनींच्या विमानातलं काही कमी असेल तर आत्ता सांग. मशीन गेलं की गेलं. हाताने कापायला माझे डोळे राहिले नाहीत."

दिनानाथने गॅस बंद केला आणि हात पुसत मागच्या खोलीकडे गेला. बायको, विनिता, गेल्यापासून त्या खोलीत तो केर काढण्यापुरताच जात असे. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

खोली पूर्वी जागृतीची होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर नवरा-बायकोने जुनं जेवणाचं टेबल तिथे हलवलं. टेबलावर सॉफ्टबोर्ड, बोर्डावर प्लॅनचा कागद, कागदावर प्लॅस्टिक. विनिताने डावा पंख पुरा करून, वर टिश्यूचा पातळ कागद ताणून चिकटवून, भिंतीवरच्या खिळ्याला टांगला होता. त्यानंतर ती दवाखान्यात गेली. उजवा पंख दिनानाथने करायचा होता.

तो खोका उघडून बसला. उजव्या पंखाच्या फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या, मोठीपासून लहानीपर्यंत ओळीने मांडल्या. एकही कमी नव्हती.

"सगळं आहे," त्याने हिलरीला फोन करून सांगितलं.

"मग जोड की आता. वहिनींचा पंख भिंतीवर लटकून काय करनार?"

हे बोलणं दिनानाथला लागलं. भिंतीवरचा पंख खिडकीच्या वाऱ्याने किंचित हलत होता. टिश्यू ताणून बसला की त्याला टिचकी मारल्यावर डमरूसारखा आवाज येतो. त्याने टिचकी मारली नाही. पण हा पंख एकदा तरी हवेत जायला हवा, पाऊस लागून विमानं उडवायच्या मिठागरात पाणी भरायच्या आत, हे त्याने तिथे उभ्या उभ्या ठरवलं.

२

जागृती पाळण्यात होती तेव्हा दिनानाथने पहिलं किट आणलं. प्लॅनवर पंख एकच काढलेला असतो, डावा. कागद वाचवायला. उजव्यासाठी कागद उलटा करून घ्या, असं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि पहिल्या खेपेला ते कोणी वाचत नाही. दिनानाथने प्लॅनची झेरॉक्स काढली. एक प्रत त्याने घेतली, एक विनिताने, आणि दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसून रविवारभर खपले. संध्याकाळी पंख पोटाला लावून बघतात तर दोन्ही डावे.

विनिता शाळेत शिवण शिकवायची. "बाहीला मी आजवर चुकले नाही," ती म्हणाली. "तुमच्या नादाने चुकले."

"मी केलेला बरोबर आहे. तूच उजवा करायचा होतास."

"हो का? कोणी ठरवलं?"

मग तिने एक पंख उचलला, पालथा धरून ट्यूबलाइटकडे नेला आणि खालून बघितलं. "अहो, हा तिकडून उजवाच आहे."

"तिकडून बघायला कोण जाणार?"

"जाईल कोणीतरी."

पुढे ते त्यांच्या घरातलं बोलणं होऊन बसलं. भाजी खारट झाली तरी तिकडून गोड आहे, परीक्षेत मार्क कमी पडले तरी तिकडून पहिला नंबर.

कामाची वाटणीही त्या दिवसापासून ठरून गेली. डावा विनिताचा, उजवा दिनानाथचा. तिचा झाला की दिनानाथ कागदाला मागून खोबरेल लावायचा. तेल प्यायलेला कागद आरपार होतो, रेघा पाठीवरूनही दिसतात, आणि डाव्याचा उजवा होतो. तेल विनिताच्या आरशापुढच्या बाटलीतलं. त्यामुळे घरातल्या प्रत्येक प्लॅनला तिच्या केसांचा वास असे. ती पंखाच्या जाड टोकाशी बसायची, खिडकीजवळ. तो निमुळत्या टोकाशी, दाराजवळ.

दिनानाथच्या दोन खुणा त्या टेबलावरच्याच. डाव्या अंगठ्यावर एकदा ब्लेड फिरलं, तेव्हापासून त्याचं नख मधोमध चिरून दोन फाकांत वाढायचं. आणि सांधा चिकटवला की तो म्हणायचा, "झालं. आता वाळू दे."

"तुम्ही न सांगता वाळत नाही का ते?" विनिता दरवेळी विचारायची.

३

त्याने घाई केली नाही. पहिल्या दिवशी फक्त टेबल पुसलं, टाचण्यांची डबी, फेविकॉल, नवं ब्लेड आणून ठेवलं. प्लॅन विनिताने टाचलेला होता तसाच राहू दिला. तेल उद्या लावू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फासळ्यांच्या ओळीत सगळ्यात मोठी नव्हती.

बाल्सा म्हणजे वजन नसलेलं लाकूड. पंख्याच्या वाऱ्यानेही उडतं. त्याने टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बॅटरी मारली, केरसुणी फिरवली. केरात टिश्यूचे जुने तुकडे निघाले, विनिताची एक केसांची पिन निघाली. फासळी निघाली नाही. पालीने नेली असेल असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि पाल लाकूड कशाला नेईल हा पुढचा प्रश्न विचारला नाही. ओळ पुन्हा नीट लावून वर पेपर झाकला, पेपरावर कात्री ठेवली.

सोमवारी पेपर तसाच होता, कात्री तशीच होती आणि ओळीतली पुढची फासळी नव्हती. नंतर तिच्या पुढची.

फासळ्या क्रमाने जात होत्या. हरवणारी वस्तू कुठूनही हरवते. पंख बांधायला बसणारा मात्र जाड टोकापासून सुरुवात करतो आणि एकेक करत निमुळत्या टोकाकडे सरकतो.

४

गोखिवऱ्याच्या गाळ्यात मशीन दोरीने बांधून ठेवलं होतं. टेम्पो दुपारी यायचा होता. हिलरी स्टुलावर बसून डब्यातली सांदणं खात होता. एक त्याने दिनानाथच्या हातावर ठेवलं.

"सगळं आहे म्हनालास ना?"

"होतं. हरवल्या फासळ्या."

"हरवल्या? तुझ्या टेबलावरून?" हिलरीने त्याच्याकडे नीट बघितलं. "वहिनी असताना तुझ्या घरात टाचनी हरवली नाही कधी."

"म्हणून तर आलो."

"जेवतोस का नीट?"

"जेवतो."

"झोप?"

"दुपारी जरा पडतो."

हिलरीने डबा बंद केला आणि फळीवरून एक पिशवी काढली. त्यात त्याच विमानाच्या फासळ्यांचा एक जुना संच होता, पिवळा पडलेला. "एकच शिल्लक आहे. ही तिकडे हरवलीस तर मग फोमचा पंख लाव, बाकीच्यांसारखा."

दिनानाथ निघाला तेव्हा हिलरी सहजच बोलला. "मला एक कळत नाही. दुसरा पंख करताना मानूस पहिल्या पंखाकडे बघत नाही. कागदाकडे बघतो. आनि तरी दोन्ही सारखे होतात. पन सारखे नसतात. माझा बाप म्हनायचा, आरशातल्या मानसाने बनवल्यासारखा."

दिनानाथ हसला. बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हिलरी "तिकडे हरवलीस तर" म्हणाला होता. सांडोरचे लोक घरी म्हणायला तिकडे म्हणतात, एवढंच ते असणार. त्याने पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

घरी आल्यावर ती पिशवी त्याने बाहेरच्या कपाटात ठेवली. टेबलावर नेली नाही.

५

जागृती रविवारी आली. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि नेहमीचा विषय.

"बाबा, पुण्याला चल. फ्लॅट भाड्याने देऊ. इथे एकटा काय करतोस?"

"पंख करतोय."

"आईचा?"

"आईचा झालाय. माझा राहिलाय."

तिने चटणीचा डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "तो झाला की येशील?"

"तो उडाला की येईन."

जेवण झाल्यावर दिनानाथ नेहमीसारखा झोपायच्या खोलीत आडवा झाला. दार लोटून घेतलं. त्याला गाढ झोप लागली, आणि झोप लागली हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण उठला तेव्हा उशीची सुरकुती गालावर उमटली होती आणि हात जड झाला होता. बाहेर आला तर जागृती ओट्याशी चहा गाळत होती.

"बरंच काम झालं की," ती म्हणाली.

"कसलं?"

"मघापासून टाचण्या मारतोयस ना आत. टच टच. मी म्हटलं चहा विचारावा, तेवढ्यात तू म्हणालास, झालं, आता वाळू दे. म्हणून नाही आले." ती हसत होती. "किती दिवसांनी ऐकलं ते."

दिनानाथने कप घेतला. मी झोपलो होतो, हे तिला सांगावं असं त्याच्या तोंडावर आलं. पण तिचा चेहरा आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच असा सैल झालेला होता.

"बरंच झालं," तो म्हणाला.

"आणि कोणाशी बोलत होतास? फोनवर?"

"का?"

"मधेच हसलास तू."

ती संध्याकाळी गेली. दिनानाथने आपली बोटं नाकाशी नेली. फेविकॉल वाळला की बोटावर पातळ साल धरते, ती नव्हती. मग त्याने डाव्या अंगठ्याचा वास घेतला. त्याला खोबरेलाचा वास होता. त्याने खोबरेल वापरणं कधीच सोडलं होतं. जागृतीने जाताना त्याचा हात हातात घेतला होता, तिच्या केसांना तेल असेल. असेलच, पण ते विचारायला त्याने फोन केला नाही.

टेबलावरच्या ओळीत आता निमुळत्या टोकाच्या थोड्या फासळ्या उरल्या होत्या, बोटाएवढ्या.

६

यावर इलाज एकच होता, आणि तो साधा होता. कागद उलटायचा, तेल लावायचं, कपाटातल्या फासळ्या आणून काम सुरू करायचं. एकदा टेबलावर खरोखरचा पंख उभा राहिला की बाकीचं सगळं आपोआप थांबेल. असं त्याला वाटलं, का वाटलं ते सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी अंघोळ करून तो आरशापुढे गेला. विनिताची बाटली तिच्याच जागी होती. तेल तळाला गेलेलं, पण पुरेसं होतं. उन्हाळ्याने पातळ झालेलं. त्याने कापसाचा बोळा केला.

खोलीत ऊन आलेलं होतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी मसाला कांडपातून आणून उन्हात घातला होता, त्याचा ठसका वर येत होता. शिंका येतील म्हणून त्याने खिडकी लावली. प्लॅस्टिक गुंडाळून बाजूला केलं. खरं तर टाचण्या काढून कागद पालथा करायचा आणि मग पाठीला तेल लावायचं, ही त्याची पद्धत. पण विनिताने टाचलेल्या टाचण्यांना हात लावायला त्याचं मन होईना. तेल वरून लावलं तरी कागद पिणारच. त्याने आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून निमुळत्या टोकापासून सुरुवात केली.

कागद दुधाळ होता तो पिवळट झाला आणि मग आरपार.

खाली सॉफ्टबोर्डचा तपकिरी रंग दिसायला हवा होता. तिथे उजेड होता. ट्यूबलाइटसारखा पांढरा, सपाट. त्या उजेडात रेघांच्या पलीकडे, कागदाला पाठीमागून चिकटून, फासळ्या उभ्या होत्या. एकामागे एक, काटकोनात, अंतरं नेमकी. शेवटची फासळी बसवली जात होती. तिच्यावर अंगठा दाबून धरलेला होता. सांधा धरेपर्यंत दाबतात तसा. नख मधोमध चिरलेलं होतं.

दिनानाथने आधी आपल्या हातांकडे बघितलं. उजव्या हातात बोळा होता. डाव्यात बाटली.

अंगठा उचलला गेला. सांधा धरला होता. पलीकडून काही बोलणं झालं असावं, शब्द आले नाहीत, कागद मात्र थरथरला. चार शब्दांचा थरथराट आणि मग, जरा थांबून, दुसरा, लांबलचक, प्रश्नासारखा.

त्यानंतर त्या जागी पलीकडून ओला बोळा टेकला. तो गोल गोल फिरू लागला, सावकाश, सरावाने. त्याच्याबरोबर डाग पसरू लागला, दिनानाथच्या डागाच्या बाहेर, पंखाच्या मध्याकडे.

तो उठला. बाटली टेबलावर ठेवली की पडली ते त्याला नंतर आठवेना. दाराला बाहेरून कडी लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसला. भांडी घासलेलीच होती.

७

दुपारपर्यंत त्याने विचार केला तो असा.

तेल लावलेला कागद चकाकतो. चकाकत्या कागदात माणसाला स्वतःचा हात दिसतो. दिसलेला अंगठा त्याचाच होता, दुसऱ्या कोणाचं नख तसं नाही. बोळा दिसला, तोही त्याच्याच हातातला. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून उजेड. बाटली पडली, म्हणून डाग वाढला. इथवर सगळं जुळलं आणि त्याला भूक लागली. त्याने भात लावला.

भात शिजेपर्यंत पुन्हा तेच. डाव्या हातात बाटली होती. बाटली धरलेला अंगठा कागदावर दाबलेला कसा दिसेल? त्याने विनिताच्या शिवणाच्या डब्यातला छोटा आरसा आणून ओट्यावर आडवा ठेवला आणि वर दोन्ही हात धरून बघितले. आरशात बाटली धरलेला हात बाटली धरलेलाच दिसला. बाटली उजव्यात घेतली, पुन्हा डाव्यात घेतली. शेवटी शेवटी कुठला हात कुठला तेच त्याला कळेनासं झालं. भाताला खालून लागल्याचा वास आल्यावर तो थांबला.

आणि आणखी एक गोष्ट. डाव्या पंखाचा कागद पाठीमागून बघितला तर उजवा. तिकडून बांधणारा उजवा पंख बांधत होता. उजवा कोणाचा हे त्या घरात ठरलेलं होतं. विनिताने आयुष्यात एकही उजवा केला नाही. तेव्हा तिकडून बांधणारी ती नव्हती, बांधणारा तोच होता. मग तो हसून कोणाशी बोलत होता?

आणि त्याला तेल लावून इकडे कोणाला बघायचं होतं?

८

भूपेश वैशाखात आला. नायगावच्या बाजूचा, खाडीकाठच्या शेतकरी घरातला, पडीक मिठागरावर रविवारी विमानं उडवणाऱ्यांचा आता तोच पुढारी. त्याच्या गाडीत मागे फोमची विमानं एकावर एक रचलेली असत. आत येऊन त्याने पाणी मागितलं आणि घटाघट प्यायला.

"काका, दोन रविवार उरले. मग पानी भरेल. आपल्या ग्रुपवर मी टाकलंय, काकींचं विमान उडनार म्हनून. पोरांनी हातचं विमान बघितलंच नाही कधी."

"उजवा व्हायचाय."

"किती राहिलाय?"

दिनानाथने रिकामा ग्लास उचलला. भूपेशने बंद दाराकडे बघितलं, मग जरा दबकत म्हणाला, "काका, रागवू नका. मी फोमचा उजवा कापून देतो. एका बसन्यात होईल. वजन मॅच करतो, वरून टिश्यू लावतो, खालून कोनाला कळनार पन नाही. मेन तर काकींचा पंख आहे ना? तो तर उडेल."

ते खरं होतं. एवढंच तर हवं होतं, तिचा पंख एकदा हवेत जायला. दिनानाथ उठला, दाराची कडी काढली. पंख खिळ्यावर होता. तो काढायला टेबलाजवळून जावं लागणार होतं.

त्या मंगळवारनंतर त्याने टेबलावर विनिताचं शिवणाचं जुनं पांढरं कापड टाकलं होतं, दारातूनच, मासेमारीचं जाळं टाकतात तसं. आता त्या कापडावरही डाग उठला होता. निमुळत्या टोकापासून निघून तो पंखाच्या आकारात जवळजवळ जाड टोकापर्यंत पोचला होता. खोबरेल पसरतंच. कागदातून कापडात, कापडातून लाकडात. शिवणाच्या बाईने हे आधी सांगितलं असतं. खोलीभर तिच्या केसांचा वास होता.

कोरी उरली होती फक्त खिडकीजवळची पट्टी. पंखाचं जाड टोक. तिच्या खुर्चीसमोरची जागा.

"काका?" भूपेश बाहेरून म्हणाला. "मदत करू का?"

"नको."

तिथे तेल लागलं की त्या टोकाशी कोण बसतं ते दिसेल. बाटलीत चार थेंब होते, बोळा टेबलाखाली पडला होता. एक पाऊल आणि हात लांब केला की झालं. दिनानाथला तिला बघायचं होतं, या वर्षात दुसरं काही बघायचं नव्हतं. पण आरपार कागद दोन्हीकडून आरपार असतो. तिने मान वर करून बघितलं, तर तिला या खोलीत कोण दिसेल? तिचा माणूस तर तिच्यासमोर बसलेला आहे. बोळा फिरवणाऱ्याने पट्टी कोरी सोडली होती ती राहून गेली म्हणून, की तिने त्याचा हात धरून थांबवला म्हणून?

त्याने पंखाला हात लावला नाही. बाहेर येऊन कडी लावली.

"फोम नको," तो म्हणाला. "उजवा होतोय."

"होतोय म्हनजे? कधीपर्यंत?"

"होतोय."

भूपेश काही वेळ उंबऱ्यात चपला घालत रेंगाळला. त्याच वेळी आतून टिचकी मारल्यासारखा आवाज आला, ताणलेल्या टिश्यूवर, डमरूसारखा. एकदाच.

"पूर्न झालेल्या पंखाचा आवाज येतोय काका," भूपेश हसून म्हणाला. "चांगला तानलाय. तुम्ही उगाच लपवता."

तो गेला. दोन्ही रविवार गेले, मिठागरात पाणी भरलं. जागृतीचा फोन येतो, दिनानाथ तिलाही, उजवा होतोय, एवढंच सांगतो. हिलरीच्या फासळ्या कपाटात पिशवीत आहेत, एकही कमी झालेली नाही. विनिताचा पंख खिळ्यावर आहे. बाटलीत अजून तेल आहे. खिडकीजवळच्या पट्टीला लावायचं राहिलं आहे.